तोंड उरलं

लेक : बातम्या बघत होतीस म्हणतेस, मग जिन्यात "हाऽऽय्या" कोण ओरडत होतं? निवेदक हल्ली लाथ मारून बातमी सांगतो की काय?

आई : शेजारचा टीव्ही असेल.

लेक : शेजारी कुलूप आहे.

आई : मग वरचा असेल. तू आधी आत ये. दारात उभी राहून माझी उलटतपासणी घेऊ नकोस. जेवलीस?

लेक : रिमोट दे इकडे.

आई : अगं, राहू दे की—

लेक : अगं आई गं! "पोलादी करंगळी"? तू हे बघतेस?

आई : लागलं होतं. बंद करायला उठत होते, तेवढ्यात तुझी बेल वाजली.

लेक : लागलं होतं म्हणे! मागे पेन ड्राइव्ह लावलाय तो आपणहून चालत आला वाटतं.

आई : बरं बाई, मी लावलाय. मोबाइल दुरुस्तीवाल्याने भरून दिला. चोरी केली का? दुपारभर गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करत बसते. हाताला काम, डोळ्यांना विरंगुळा.

लेक : विरंगुळा! त्या हिरोची मिशी बघ, अर्धी सुटलीय.

आई : पुढच्या मारामारीत पूर्ण सुटते. मग तो एका हाताने मिशी दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने लढतो. आणि गावकरी म्हणतात, "बघा बघा, एका हाताने लढतोय पठ्ठ्या!"

लेक : आणि हा म्हातारा गुरू?

आई : त्याची दाढी रबराची. कानामागे रबर दिसतं बघ. मरताना ती वर सरकते ती थेट डोळ्यांवर. तरी उपदेश चालूच.

लेक : आई, बास, पोट दुखायला लागलं माझं. ठोसा बघ, आधी वाजतो आणि मग बसतो!

आई : कधी कधी बसतच नाही. नुसता वाजतो आणि समोरचा आपणहून पडतो. भिडस्त असतील बिचारे.

लेक : तुला सगळा पाठ आहे की!

आई : रोज बघितल्यावर होतोच पाठ.

लेक : रोज?

आई : एक दिवसाआड.

लेक : आई, रोज?

आई : आता तोंडातून गेलंच आहे तर हो. रोज. कुणी आलं की बातम्या लावते. या वयात बाईने असली हाणामारी बघायची म्हणजे लोक काय म्हणतील? ते जाऊ दे. आवाज ओळखलास का?

लेक : कुणाचा?

आई : वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. काळ्या गरुडाचा. त्या टकल्या व्हिलनचा.

लेक : जिन्यातच ओळखला. बाबांचा आहे.

आई : बापाचा आहे तुझ्या. गुरूसुद्धा तोच, दोन्ही शिपाईही तोच, आणि मघाशी गाढव ओरडलं ना, तेसुद्धा तोच. डबिंगच्या कंपनीला पाच माणसं परवडत नव्हती. भिंतींना गोधड्या टांगलेली ती एवढीशी खोली, एकच माइक, आणि हा उभा. पण गरुड त्याचा खास. घरी अंघोळ करताना तेच हसणं हसायचा, तू घाबरून माझ्या पदरात शिरायचीस.

लेक : आठवतंय. मग तू कशाला बघतेस हे, आई? जुनी आठवण म्हणून?

आई : आठवण? मला त्याला मार बसलेला बघायचा असतो.

लेक : काय?

आई : नीट बघ पुढे. हिरो त्याला आधी कोठाराच्या दारावर आपटतो. मग पाण्याच्या टाकीत बुडवतो. मग करंगळी. करंगळीने माणूस तीन भिंती फोडून पलीकडे जातो, आणि दर भिंतीला तुझ्या बापाच्या आवाजात "आई गंऽऽ!" मला काय बरं वाटतं म्हणून सांगू! दुखरे गुडघे विसरते मी.

लेक : आई, तू म्हणजे अगदी...

आई : कधी कधी पाप वाटतं. कुठेतरी आजारीबिजारी असेल माणूस, आणि इकडे मी त्याला रोज लाथा घालतेय. मग वाटतं, घालते तर घालते. समोरासमोर एकदाही घातली नाही. दिवसभर परक्यांच्या तोंडात शब्द घालणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातून जाताना मुक्यासारखा गेला. "येतो"सुद्धा म्हणाला नाही. मी पोळपाटावर कोपर टेकून वाट बघत बसले.

लेक : मी आठवीत होते.

आई : तू झोपली होतीस.

लेक : नव्हते झोपले. बरं, तो शेवट येऊ दे, मला माहितीये शेवट. आमच्या ऑफिसात तो तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असतो. पोरं एकमेकांना तेच ऐकवतात. कुणी चहा सांडला की दुसरा गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, "चुकलं गं!"

आई : तू सांगितलंस त्यांना, कुणाचा आवाज ते?

लेक : नाही. मीही हसते. सगळ्यांत जोरात मीच हसते.

आई : हसण्यासारखंच आहे. एवढा गरुड, एवढी माणसं मारणारा, मिशीवाल्या हिरोच्या पाया पडतो आणि म्हणतो, "चुकलं माझं. चुकलं गं." मिशीवाल्या बाप्याला "गं"!

लेक : तोंड उरलं असेल. बाबाच म्हणायचे ना, वाक्य संपलं आणि पडद्यावरचं तोंड अजून हलतंय, की तोंड उरलं म्हणायचं. मग काहीतरी घालून भरायचं. "अरे", "हं", "बरं का".

आई : मग "रे" म्हणाला असता. "गं" कुठून आलं?

लेक : सवयीने.

आई : कुणाच्या सवयीने? इथेच तर घोडं अडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणाला. हे काम तो घर सोडून गेला त्याच महिन्यातलं. वाटलं, घरी येऊन म्हणायचं ठरवत असेल, ते तिथेच निसटलं. आठवडाभर मी हवेत होते. मग लक्षात आलं, त्या माइकपाशी दुसरं कोण उभं असायचं.

लेक : मैना.

आई : मैना. हिरोइनचा नाजूक आवाज काढणारी. एका माइकवर दोघं, गालाला गाल. ती रुसली असेल त्या दिवशी, आणि हा तिचा रुसवा काढत असेल. गरुडाच्या तोंडून.

लेक : किंवा कुणालाच म्हणाले नसतील. नुसतं निसटलं असेल.

आई : हो. ते सगळ्यांत वाईट. तरीही मी दरवेळी तिथे थांबते. सुई खाली ठेवते. आयुष्यात त्या माणसाच्या आवाजात ते वाक्य मी फक्त तिथेच ऐकलंय.

लेक : विचारायचं त्यांना?

आई : कुणाला?

लेक : बाबांना.

आई : ते कुठे भेटणार आता?

लेक : भेटतील.

आई : कुठे आहेत ते?

लेक : माझ्याकडे. महिना झाला.

आई : वा! महिना झाला. आणि मला आज सांगतेस. म्हणून आलीस होय तू? मला वाटलं, लेक सहज आली, चार घटका हसली.

लेक : आई, त्यांना घशाचा आजार झाला होता. ऑपरेशन केलं. स्वरयंत्र काढून टाकलंय.

आई : म्हणजे?

लेक : आवाज गेला. परत येणार नाही. गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतात. हसले तर नुसते खांदे हलतात.

आई : आणि ती?

लेक : ती भावाकडे राहायला गेली. ऑपरेशनच्या आधीच.

आई : आवाज गेला, काम गेलं, मैना उडाली.

लेक : टीव्ही बंद करू का?

आई : राहू दे चालू. पुढे बोल. कशाला आलीस ते बोल.

लेक : माझ्या दोन खोल्या आहेत, तुला माहितीये. ते मधल्या जागेत झोपतात. पहाटे सासूबाईंना उठायचं तर त्यांना ओलांडून जावं लागतं. तुझे जावई बोलत काही नाहीत, पण ताटं आपटतात. काल सासूबाईंनी विचारलं, "यांचं स्वतःचं घर आहे ना?" मी काय सांगू?

आई : सांगायचं, होतं.

लेक : आई, इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत.

आई : रिकाम्या कुणी केल्या? वा गं वा! आवाज तिकडे उधळला, आणि खोकला इकडे आणणार?

लेक : माणूस म्हणून तरी—

आई : नाकाने कांदे सोलू नकोस. माणूस म्हणून तू ठेवलंस ना महिना? मग आता का दारोदार फिरवतेस?

लेक : मलाही टाकून गेले होते ते! मी ठेवलंच ना तरी? मला काय उमाळा आला होता? दवाखान्यातून फोन आला, नातेवाईक कोण, तर माझं नाव लिहिलेलं. मी काय म्हणणार होते, रॉंग नंबर?

आई : ओरडू नकोस.

लेक : मी थकलेय, आई. खरंच थकलेय. त्यांच्या गळ्याचं भोक साफ करते आणि मग त्याच हाताने डबे भरते. मला त्यांची दया येते, आणि दया आली की स्वतःचाच राग येतो. तू एकटीच नाहीस लाथा घालणारी. मीही मनातल्या मनात घालते.

आई : ये इकडे. बस. रडू नकोस. नाक पूस.

लेक : पँटीला पुसू?

आई : पूस. गिऱ्हाईक उधारीवालं आहे. ऐक आता. मुलगी असणं कुणाला सोडता येत नाही. बायको असणं सुटतं, आणि ते त्यानेच सोडवलं. तेव्हा मला जबरदस्ती करू नकोस. पण खोटं कशाला बोलू? माझा हट्ट काय होता? जग उलथून टाका असा नव्हता. एक वाक्य. दारात उभं राहून, माझ्याकडे बघून, एकच वाक्य.

लेक : ते म्हणाले तर?

आई : कशाने म्हणणार?

लेक : ओठांनी. मला कळतं आता त्यांचं. म्हणाले तर ठेवशील?

आई : मला आशा लावू नकोस.

लेक : ठेवशील का? हो की नाही सांग.

आई : म्हणाले तर... हो. ठेवीन. खड्ड्यात गेला माझा ताठा. "गं" कुणाला म्हणाला होतास असंही त्याला विचारणार नाही. ते वाक्य माझ्याकडे बघून म्हणू दे, मी त्याचं भोकसुद्धा साफ करीन.

लेक : मग मी त्यांना वर बोलावते.

आई : वर? खाली आहेत?

लेक : जिन्यापाशी कट्ट्यावर बसवलंय. तू हो म्हणालीस तरच आणायचं ठरवलं होतं.

आई : उन्हात बसवलंस बापाला? थांब, ही चिंध्यांची पिशवी उचल. आणि तो टीव्ही... आता कर बंद. लवकर कर. माझे केस बरे आहेत?

लेक : बरे आहेत. आई, दार वाजतंय. आपणहूनच आले वाटतं.

(दारात एक म्हातारा उभा आहे. गळ्याभोवती रुमाल, हाताने चौकट धरलेली. तो आईकडे बघतो. ओठ हलतात. आवाज येत नाही.)

आई : किती वाळलात हो.

लेक : बाबा, बोला ना. आईशी बोला.

बाबा : —

लेक : बघितलंस? आई, बघितलंस ना? म्हणाले. "चुकलं माझं."

आई : परत म्हणा.

बाबा : —

लेक : "चुकलं माझं. माफ कर मला." दोनदा म्हणाले, आई. तुझ्याकडे बघून म्हणाले.

आई : किती सफाईने बोललीस गं.

लेक : मी कुठे बोलले? ते म्हणाले, ते मी फक्त—

आई : "चुकलं" म्हणायला ओठांचा चंबू करावा लागतो. आरशासमोर म्हणून बघ. यांचे ओठ मिटले आणि उघडले. दोन्ही वेळा तेवढंच.

लेक : तुला नाही कळत त्यांचं. मी महिनाभर बघतेय ना, मला कळतं. ते असंच म्हणतात. आई, तू कबूल केलं होतंस!

आई : मी त्यांच्याबद्दल कबूल केलं होतं. तुझ्याबद्दल नाही.

लेक : आई, प्लीज.

आई : पाणी मागतायत ते. तीन मजले चढून आलेत, तहान लागली असेल. दे त्यांना. खुर्ची सरकव, बसून पिऊ दे. आणि दम खाल्ला की घेऊन जा.