पिल्लावरची मरळ

माहेर माहं नदीकाठचं अन् सासर हे कुहीकडचं, धानाच्या मुलखातलं. दोन्हीकडे आमी मासोळ्या मारणारेच, पण रीत येगळी, हे मले लग्न होऊन आली तवा कळलं. माहा बाप मरळ माराले हुशार होता. मरळ तुमी पाह्यली असन का नाही मले माईत नाही, पाटीत मेल्यावानी पडून राहते अन् हात लावला का उडते, इतकी वर्षं झाली कुहीच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसून राहिली, पण मरळ असली का आजही पाटीवर झाकण ठेवा लागते.

आता तुमाले तिचं सांगतल्याबिगर पुढचं समजणार नाही. रोहू-कतल्याचं कसं, पूर आला, पाणी वाहतं झालं का अंडे सोडले अन् गेले, मागं वळून पाहणं नाही. चिलापी पिल्लं तोंडात धरून फिरते, जाळ्यातून काढली का तोंडातून थुकते, मी पहिल्यांदा पाह्यलं तवा किंचाळली होती. मरळीचं तिसरंच. नर-मादी दोघं मिळून गवत बाजूले सारतेत, ताटायेवढी जागा साफ करतेत, तिथं अंडे तरंगतेत, पिवळे, साबुदाण्यावानी, अन् दोघं खाली बसून राहतेत. पिल्लं निंघाले का लाल लाल, श्वास घ्याले सगळे एकदम वर येतेत तवा पाणी असं खदखदते जसा भात शिजून राहिला, अन् लगेच खाली. मायबाप दिसत नाही, पण असतेत.

तं माहा बाप त्या लाल पिल्लाच्या मधोमध गरी, म्हणजे गळ, टाके, गरीले लहानशी बेंडकी लावून. आता पिल्लं राखताना मरळीचं खाण्यात ध्यान नसते, मंग बेंडकीवर काहून येते? भुकेनं नाही येत बाई, रागानं येते. माह्या लेकरांत हे कोण घुसलं म्हणून धरून फेकाले येते अन् गरीत अडकते. बाप म्हणे, याच्यापेक्षा सोपी मरळ नाही.

सासरी आली अन् पहिल्याच पावसाळ्यात बोडीत लाल झुंड दिसली. बोडी म्हणजे वावरापाशी असते तो लहान तलाव. मी आपली मोठ्या हौसेनं गरी काढली, तं सासूनं हातातली काठीच हिसकली. म्हणे, पिल्लावर गरी नाही टाकाची आमच्यात. मी म्हटलं, काहून? म्हणे, तुमचं नदीवाल्यांचं काय वं, वरून वाहून येते थे तुमचं, आमच्या बोडीत जेवढं आहे तेवढंच आहे, मायबाप काढले का सांजेलोक बगळे पिल्लं साफ करतेत, मंग पुढच्या साली काय खाशीन, शेवाळ? तवापासून मी कधी टाकली नाही. सासू गेली, तरी नाही.

मंग माही प्रणाली बाळंतपणाले आली. एकच पोरगी माही. जावई हिंगण्याले कंपनीत आहे, शिफ्ट करते. पोट्टा झाला, चांगला झाला, पण तिच्या आंगातून रक्त फार गेलं अन् दूधच येईना. लेकरू चोखे, थकून सोडून दे अन् रडे, अन् तेही रडणं रोज बारीक होऊन राहिलं होतं. प्रणाली भिंतीकडे तोंड करून झोपे. दवाखान्याकडची आशाताई येऊन सांगून जाये, लावत राहा, सोडू नका, येईन दूध. पण विहीणबाईचा फोन आला, दूध याले मरळीचा रस्सा देल्ला का नाही तिले, तुमी तं मासोळ्यावाले, तुमच्या घरी नाही मिळन तं कुठं मिळन? आता काय सांगू तुमाले, पावसाळ्यात मरळ धानाच्या बांध्यांमधी पांगते, बाजारात एकबी नव्हती. अन् आमच्या बोडीत होती, जोडी, पिल्लं घेऊन.

प्रणालीचे बाबा म्हणे, हात नाही लावाचा. म्हणे, माह्या आईनं मरेलोक पाळलं थे. मी म्हटलं, तुमच्या आईनं बोडीसाठी पाळलं, मी पोरीसाठी मोडतो. तं म्हणे, मी येणार नाही संगं. म्हटलं, नका येऊ, मले येते, माह्या बापानं शिकवलं आहे.

पहाटे गेली. बेंडकी धरली, गरीले लावली, बोडीच्या बांधावर, धुऱ्यावर बसली. पिल्लं वर आले तशी टाकली त्याच्यात. पहिल्यांदा पिल्लं फाकले, मंग पाणी गप झालं, अन् खालून असा झटका आला का काठी वाकली. चांगली हातभर मरळ. नर होता का मादी, पोट चिरल्यावरबी मले सांगता आलं नाही. रस्सा केला, तिखट कमी, लसूण जास्त, अन् प्रणालीनं दोन वाट्या पेल्ला.

तिनं जेवून डोळे मिटले अन् माहा पाय घरात टिकेना. काठी घेतली अन् बोडीवर जाऊन बसली. बगळा उतरला का हाकल, ढोकरी आली का हाकल, पाणकावळा बुडी मारे त्याले ढेकूळ मार. धानाच्या रोवण्याले जाणाऱ्या बाया उभ्या राहून पाहेत. एक म्हणे, काकू, कोणाचं बाळंतपण करून राहिली वं? दुसरी म्हणे, अवो, आता काकूच मरळ झाली, पाण्यात उतराची बाकी आहे. हासतेत तं हासू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशीबी गेली. घरी आली तं प्रणाली चिडलेली, आई, तुहा नातू इथं रडून राहिला अन् तू तिकडे मासोळीचे लेकरं सांभाळून राहिली? खरंच होतं थे.

तरी पुन्हा गेली. ऊन निंघालं होतं, पाण्यात पाय सोडून बसली. लाल झुंड फिरत फिरत माह्या पायापाशी आली, मी पाय हालवला नाही, म्हटलं भितीन. अन् खालून काय आलं दिसलंच नाही, अंगठ्याले असा दणका बसला का मी मागंच पडली, काठी पाण्यात. रक्त निंघालं. पाहतो तं झुंड दूर सरकली अन् तिच्याखाली काळी सावली. जोडीतलं दुसरं तिथंच होतं. पहिल्या दिवसापासून तिथंच असन, अन् मी धुऱ्यावर बसून त्याच्या लेकरांची राखण करून राहिली होती. मी एकटीच हासली, मोठ्यानं. मंग उठली अन् लंगडत घरी आली, प्रणालीपासून लेकरू घेतलं, पाय पुसले त्याचे, तिले उठून बसवलं, पाठीले उशी देल्ली, अन् म्हटलं लाव आता, मी इथंच आहे, कुठं जात नाही. थे म्हणे, अंगठ्याले काय झालं वं आई? म्हटलं, बगळ्यानं चावलं. पुष्कळ दिवसानं हासली पोरगी.

दूध आलं मंग. रश्श्यानं आलं का लावत राहिल्यानं आलं, विहीणबाई म्हणते रस्सा, आशाताई म्हणते लावणं, मी दोघींलेबी हाव म्हणून टाकलं. चूक केली असं मी म्हणत नाही, बरोबर केलं असंबी नाही. पिल्लं काळे पडले, पांगले, किती जगले कोणाले माईत.

पोट्टा आता पळते, हिंगण्यावरून त्याच्या गमती फोनवर ऐकाले येतेत. यंदाबी बोडीत लाल झुंड दिसली. गरीवाले इचारतेत, काकू, पिल्लं दिसले का कुठं? मी म्हटलं, नाही बा, म्हातारी झाली, दिसत नाही. देव करो अन् कोणावर ती वेळ न येवो. पण कोणाची माय, घरी तशी बाळंतीण टाकून, माह्या दारात आली तं मले नाही म्हणता येणार नाही. जागा दाखवून देईन. अन् मंग काठी घेऊन दोघी बसू बगळे हाकलत.