डावीकडे जाणारा माणूस

— नाही मॅडम, तुम्हाला नाही कळायचं; तरी सांगतो, बसा. पर्स त्या कीबोर्डवर नको — हां. काय रकाना आहे तुमच्या फॉर्मवर? ‘चूक कोणाची’? वा! तुम्हा कर्मचारी विभागवाल्यांना चूक म्हणजे उशिरा येणं, एवढंच ठाऊक. अहो, व्हिडिओत दर वेळी अख्खं चित्र नसतं. मागच्या चित्रातला तुकडा किती सरकला, तेवढा नुसता आकडा असतो. उजवीकडे सरकला तर अधिक, डावीकडे सरकला तर उणे. शाळेत शिकला असाल — नसालही. आता तो आकडा ठेवायचा कशात? प्रोग्रॅममध्ये आकड्यांचे प्रकार असतात, एकाला उणे चालतं, दुसऱ्याला नाही. ज्याला चालत नाही त्यात उणे एक घाला, मुकाट्याने दोनशे पंचावन्न होऊन बाहेर येतो. हूं नाही की चूं नाही! झालं — गिऱ्हाईकाच्या दुकानात आपल्या कॅमेऱ्यासमोर चोर डावीकडे पळाला आणि पडद्यावर त्याच्या तोंडाच्या चिंधड्या. पोलिसांना काय दाखवणार, कपाळ?

आणि हा भाग लिहिला कोणी? त्या कोपऱ्यातल्या आमच्या विदुषीने. संध्याकाळी कामावरून काढल्याचं पत्र देताय ना तिला? द्या. रडेल थोडी, घरी आजारी वडील आहेत म्हणेल. म्हणे, तपासलं होतं! काय डोंबल तपासलं? तपासायला फीत एकच — मी सकाळी या दारातून आत येतो ती. डावीकडून उजवीकडे. हो, मीच निवडली, मग? ती मागे लागली होती, बाहेर जातानाचीही घेऊ म्हणून. म्हटलं, जाणाऱ्याची पाठ काय बघायची?

छे, प्रकार तिने उणे चालणाराच घेतला होता. तेवढी अक्कल आहे तिला. पण त्याने संगणकाची पिवळी सूचना येत होती — चूक नव्हे, नुसता इशारा — आणि माझ्या हाताखाली पिवळी ओळ वीस वर्षांत कधी खपलेली नाही. ही बया दोन दिवस कारण शोधत बसली! शेवटी मीच बसलो, प्रकार बदलला, सूचना गायब. दोन मिनिटं. तिला म्हटलं, बघ, याला म्हणतात —

काय लिहिताय?

नाही, ते — ते मी नुसतं समजावून सांगत होतो.

पेन ठेवा खाली. मला कामं आहेत. उठा. — तिकडे कुठे? दार डावीकडे आहे.