शिऱ्यावरचं तूप

नगरच्या रक्तपेढीबाहेर माझ्याशेजारी श्रीगोंद्याची एक बाई बसली होती. हाताला पट्टी लावलेला तिचा भाचा आतून आला.

“सॅमसन, दिल्या का प्लेटलेट? वार्डातल्या आपल्या हेलनला कवा चढवनार?”

“न्हाई चढवनार, आत्या. पिशवी टाकून देनार हायेत.”

“का रं?”

“पिवळसर यायला पायजे, ती दुधासारखी पांढरी आली. डॉक्टर म्हनले, सकाळी लई तूप खाल्लंस.”

“मीच वाढलं की, वाटीभर, शिऱ्यावर. म्हनलं, पोराच्या अंगातलं जानारे, ताकद ऱ्हावी.”

“आता दुसरा मानूस लगेच पायजे. मार्कदादा निघालाय ना घरून?”

बाई पिशवीत मोबाईल शोधू लागली.

“आत्या, निघालाय ना?”

“निघालाय. त्याला तर मी दोन वाट्या तूप घातलं.”