टाकी लहान हाय, भाऊ!

...नाई, तुमीच सांगा, मानूस मासे घ्याले गेला तं दुकानदारानं मासे द्यावे का त्याले शिकवाले बसावं? मी बोट ठेवलं का तो मुंडी हालवते! हा देतो का? "नाई भाऊ." तो? "नाई भाऊ." बरं, तो कोपऱ्यातला पिवळा, गरीब चेहऱ्याचा? "भाऊ, टाकी लहान हाय!" अरे, टाकी माही, पानी माह्यं, काच माही, आन नाई म्हननारा तू कोन बे?

तुमाले सांगतो, मी धनराज. वडशाले आपली नाटक कंपनी हाय. वडशात बोर्डाले बोर्ड लागून कंपन्या हायेत, त्यातला एक बोर्ड माहा. भाऊबीजेले पयला प्रयोग, तिथून पुढं होळीपर्यंत झाडीपट्टीतलं एक गाव सोडत नाई आमी! आन बुकिंगले येनारा मानूस चप्पल काढाच्या आधी इचारते, "मंजुषाबाई हायेत ना?" मंजुषा म्हनजे आमची हिरोईन. म्हनजे... माही बायको. बारा वर्स झाले, दोनी कामं तीच करून राह्यली.

आता झालं काय, यंदा मी नागपूरवरून निशा नावाची दुसरी हिरोईन आनली. कंपनी वाढवावं म्हनलं! पन मंजुषाले इचारलं नाई. तिनं पोस्टर पायलं, त्याच्यावर दोन बायका, सारखी साडी, सारखं रडनं... बॅग भरली आन सीधी राजुऱ्याले, मायच्या घरी! फोन केला तं म्हनते, "मोठे मालक झाले ना जी तुमी? नागपूरच्या त्या हॉटेलात आपन पायले होते ना समुद्राचे मासे, काचेच्या टाकीत? तशे आना. महिनाभर बिनाभांडनाचे नांदवून दाखवा. मंग मानसं नांदवा. मंग मी येईन." आन ठेवला फोन!

समुद्राचे मासे! वडशाले! अरे, इथी समुद्र कुठी हाय? वैनगंगा हाय, तिच्यात मीठ टाकू का? हेच मी नागपुरात त्या मासेवाल्या प्रफुल्लले इचारलं. मानूस लय थंडा, डॉक्टरसारखा बोलते. "नदीचं नाई भाऊ, फिल्टरचं पानी. त्यात हे समुद्राचं मीठ मोजून. हे समुद्रातले दगड. आन महिनाभर टाकी बिनामाशाची चालवाची, पानी पिकू द्याचं." पानी पिकू द्याचं! आंबा हाय का?

पन काय करता, गरज माही! नव्वद लिटरची टाकी आनली, हापिसात ठेवली, माह्या खुर्चीच्या बाजूले. राखी झाली, पोळा झाला, गनपती बसले, उठले, टाकी रिकामीच. लोक पाहाले येत, "धनराजभाऊ, मासे कुठी?" "मासे अजून नाई." "मंग पाहून काय राह्यले?" "पानी." ते एकमेकाकडं पाहत, मंग माह्याकडं पाहत, आन हळूच म्हनत, "बाई कवा येनार हायेत?"

मंग आला मासे निवडाचा दिवस! अहाहा, काय सांगू! प्रफुल्लच्या दुकानात निळे, जांभळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे... मले तं वाटलं का ऑडिशनलेच बसलो! कागदच केला होता मी. हिरो एक, व्हिलन एक, नाचनारी एक. हिरो म्हनून दाखवला निळा, पिवळ्या शेपटीचा, काय त्याचा रुबाब! प्रफुल्ल म्हनते, "हा हातभर होते भाऊ, ह्याले फिराले मैदान लागते. टाकी लहान हाय." व्हिलन दाखवला, काट्याकाट्याचा, पिसारा फुलवून तरंगनारा. म्हनते, "हा बाकीच्याले गिळते." म्हनलं, व्हिलनच हाय ना बावा! म्हनते, "तुमच्या नाटकात व्हिलन शेवटी मरते. इथी तो सोडून सगळे पयल्या अंकातच मरतेत." नाचनारी दाखवली, अंगभर नक्षी! "ही दगडावरचे बारीक किडे वेचून खाते. लहान टाकीत किडे संपतेत, मंग उपाशी मरते. टाकी लहान हाय, भाऊ!"

शेवटी त्यानंच एक काढून देली. पांढरं अंग, मांगून लालबुंद, डोक्यावर तुरा. "गरीब हाय," म्हने, "पन लाजाळू. भेली का उडी मारते, झाकन लावून ठेवजा." मी म्हनलं, झाली हिरोईन! पन नुसत्या हिरोईनवर नाटक होते का? म्हनून मी एक बोटाएवढा निळा उचलला, चमचम करनारा. प्रफुल्ल हात जोडून म्हने, "भाऊ, हा दिसते लहान, पन गुंड हाय." म्हनलं, बांध तू! मालक कोन हाय?

बाप्पा बाप्पा! हिरोईन पानी पाहून निवांत तरंगून राह्यली, दोन दिवस एकदम मजेत. तिसऱ्या दिवशी बादलीत ठेवलेल्या त्या निळ्याले सोडलं. अर्ध्या घंट्यात त्यानं दगड घेतला, कोपरा घेतला, मधली मोकळी जागा घेतली! तिले इकून हाकल, तिकून हाकल! टाकीजवळ बापूजी बसले होते. बापूजी म्हनजे माहे वडील, जुन्या दंडारीच्या नाटकात वीस वर्स बाईचं काम केलेले. मी दाना टाकाले झाकन उघडलं आन सट्‌... हिरोईन सीधी बापूजीच्या मांडीवर! मी वरडलो! बापूजीनं धोतराचा सोगा धरला, उचलली, टाकली पान्यात, आन मले म्हनतेत, "अबे, तुही हिरोईन स्टेज सोडून पब्लिकमंधी आली. काम बरोबर नाई चालून राह्यलं तुह्यं."

ती मंग पानी फिरवाच्या मोटरीच्या मांगं जाऊन बसली. दाना टाकला तरी बाहेर येत नाई. आन तुमाले सांगतो, खोटं नाई, त्या काचेत मले राजुऱ्याची यष्टी दिसली. खिडकीत मंजुषा, मांडीवर बॅग. बारा वर्स जिथी तीच होती, तिथी मी न इचारता दुसरी सोडली. लय वाईट वाटलं मले.

निळ्याले पकडाले सगळे दगड काढा लागले! नेला नागपूरले. म्हनलं, प्रफुल्ल, चुकलो बावा. तो म्हने, "भाऊ, दोघं चांगले असतेत, तरी एकच जागा दोघाले देली का भांडन. एकाले तळ, एकाले दगडातली खोप, एकाले वरचं पानी. ज्याची त्याची जागा अलग ठेवा. टाकी लहान हाय ना!"

वडशाले आल्या आल्या निशाले बोलावलं. म्हनलं, पोरी, वाईट नको वाटून घेऊ, हिरोईन मंजुषाच राहीन, तुले दुसरं काम देतो. तं ती टुनकन उडाली! "सर, मी कवाची म्हनून राह्यली, मले रडाचा कंटाळा हाय! खलनायिका द्या ना मले!" म्हनजे पाहा, तिले पन इचारलं नव्हतं मी!

मंग बापूजीले घेऊन परत नागपूरले गेलो, तं प्रफुल्लनं देली जोकर माशाची जोडी. केशरी, पांढरे पट्टे, एक मोठा, एक लहान. आन सांगतलं काय, "हे जन्मतेत सगळे नर. जो मोठा होते त्याची बाई होते. मंग टाकी तिची. लहान्या तिच्या मांगं मांगं फिरते, ती जवळ आली का अंग थरथरवते, म्हनजे 'तू म्हनशीन तसं.'" मी तं डोकंच धरलं! नर, मंग बाई? बापूजी म्हनतेत, "त्यात काय? मी बी होतो ना वीस वर्स. तवाच तं गावात मान होता माहा."

तुमाले सांगतो, एक महिना! एक भांडन नाई! हिरोईन मोटरीमांगून बाहेर आली, तुरा वर करून मधात तरंगून राह्यली. जोकर आपल्या कोपऱ्यात. मी रोज फोनवर व्हिडिओ पाठवत राह्यलो, राजुऱ्यावरून उत्तर नाई. दसरा गेला, दिवाळी आली, बुकिंगवाले दारात उभे. आन धनतेरसच्या दिवशी ऑटो थांबला... मंजुषा!

बॅग हातात घेऊनच सीधी टाकीसमोर उभी राह्यली. मंग म्हने, "ही मोठी कोन?"

म्हनलं, बाई. मालकीन.

"आन हा बारका, मांगं मांगं थरथरनारा?"

म्हनलं, नवरा.

हसली बावा! चार महिन्यांनी हसली! माह्या डोळ्यात पानीच आलं. आन हसता हसता खुर्चीत बसली, माह्या खुर्चीत! नवीन पोस्टर मांगतलं, पेन मांगतला, आपलं नाव वर, निशाचं 'खलनायिका' म्हनून मोठ्या अक्षरात, आन 'मालक : धनराज' यावर सीधी काट! म्हनलं, अवं मंजुषा, मालक तं राहू दे! तिनं मान वर नाई केली.

"दोन मालक कशाले जी? टाकी लहान हाय."

आता कंपनी तीच चालवते. बुकिंग फुल हाय. मी स्टुलावर बसतो, माशाले दाना टाकतो, ती बोलावते तवा मांगं मांगं जातो... आन आता तुमच्यापासून काय लपवू, थोडा थोडा थरथरतो पन.