सात नंबरची बशी

बेकरीवाली : चार नंबरला तुम्ही आठ गुण दिलेत, नाना?

नाना : दिले. का? सुरी कशी सरळ खाली गेली बघितलंत ना. रसाळ फळ आहे.

बेकरीवाली : सुरीचं नाही विचारत. चव घेतलीत का?

नाना : तुमच्यासमोरच घेतली की.

बेकरीवाली : मी खिडकीतून थुंकून आले. त्या माणसाने घरात रंगकाम काढलेलं दिसतंय आणि फळं तिथेच ठेवलेली दिसतायत. नासपतीच ती, शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेते. नुसतं टर्पेंटाइन लागतंय. आणि तुम्ही म्हणताय रसाळ.

नाना : मग दोन लिहा. चुकलं असेल.

बेकरीवाली : असं कसं चुकेल? सकाळपासून सहा बशा झाल्या आणि तुम्ही प्रत्येकीला सात नाहीतर आठ. अख्ख्या गावाला साडेचार देणारे तुम्ही. मागच्या वर्षी नगराध्यक्षांच्या फळाला साडेतीन दिले होते आणि वर म्हणालात, गुरांना घाला.

नाना : दार लावलंय का नीट?

बेकरीवाली : लावलंय. आणि बाहेर बँड वाजतोय, ओरडलात तरी कुणाला ऐकू जाणार नाही. बोला.

नाना : चव गेली माझी. उन्हाळ्यात तापाने आडवा होतो ना पंधरा दिवस, तेव्हापासून. मीठ नाही, साखर नाही, काही कळत नाही. वासही नाही. जेवतो ते सवयीने.

बेकरीवाली : घरी माहीत आहे?

नाना : बायकोला. ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि मी दोनदा वाढून घेतली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. मुलीला नाही सांगितलेलं.

बेकरीवाली : आणि तरी परीक्षक म्हणून येऊन बसलात.

नाना : सव्वीस वर्षं बसतोय वहिनी. महोत्सवाच्या फलकावर आधी माझं नाव रंगवतात, तारीख मागाहून. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? म्हटलं डोळे आहेत, हात आहे, देठाजवळ दाबलं की फळ किती पिकलंय ते कळतं. निभावून नेऊ.

बेकरीवाली : टर्पेंटाइनला आठ देऊन निभावणार होतात.

नाना : आता बोलून घ्या. तुमचा हक्क आहे.

बेकरीवाली : बोलून काय करू? अजून सहा बशा आहेत आणि अकराला निकाल द्यायचाय. असं करू. रूप आणि चिरण्याचं तुम्ही बघा, चवीचं मी बघते. दोघांचे मिळून गुण लिहू. आणि पुढच्या वर्षी तुम्ही नाही यायचं.

नाना : नाही येणार. चला, सात घ्या.

बेकरीवाली : साल पातळ आहे. तुम्ही सांगा.

नाना : रंग एकसारखा. मानेजवळ दाबली की जेवढी दबायला हवी तेवढीच दबते. आत गाभ्याशी दाताखाली कचकचणारी खडी नाही. रूपाला नऊ. चव?

बेकरीवाली : थांबा, खाऊ द्या. आधी गोड. भरपूर पाणी. मग एकदम संपल्यासारखी वाटते, आणि घास गिळला की मागून बारीकसं तुरट येतं. चांगलं तुरट, आणखी एक फोड खावीशी वाटते. अशी दुसरी नाही इथे. मी दहा देते.

नाना : सात द्या.

बेकरीवाली : काय?

नाना : चवीला सात लिहा.

बेकरीवाली : तुम्हाला चव कळत नाही आणि गुण तुम्ही ठरवणार?

नाना : वहिनी, ऐका माझं.

बेकरीवाली : नाही ऐकत. ही माझी तिसरी खेप आहे इथे. मागच्या दोन्ही वर्षी अशीच एक बशी होती, मागून तुरट येणारी. दोन्ही वर्षी मी तिला पहिलं धरलं आणि दोन्ही वर्षी तुम्ही ओढून दुसऱ्यावर आणलीत. मला वाटलं, एवढे जुने जाणकार, यांना काहीतरी कळत असेल जे मला कळत नाही. घरी जाऊन मी माझ्याच जिभेला नावं ठेवली. कुणाचं आहे हे फळ?

नाना : बशीवर फक्त नंबर असतो. नियम आहे.

बेकरीवाली : नाना.

नाना : मुलीचं आहे. विहिरीवरची चौदा झाडं. कलमं मीच बांधलेली, नर्सरी चालवत होतो तेव्हा. लग्न मोडून ती परत आली तेव्हा म्हटलं, ही तू सांभाळ. पहिल्याच वर्षी तिने बशी ठेवली आणि मी फोड तोंडात टाकताक्षणी ओळखली. आपली झाडं कुणाला ओळखू येत नाहीत?

बेकरीवाली : मग दुसऱ्या परीक्षकाला सांगायचं आणि तेवढ्या बशीपुरतं बाजूला व्हायचं.

नाना : तेव्हा सुचलं नाही. एकच डोक्यात होतं, लोक म्हणतील बापाने लेकीला बक्षीस दिलं. म्हणून दुसरा नंबर दिला. पुढच्या वर्षी परत दुसरा, कारण आता पहिला दिला तर गेल्या वर्षीचं काय सांगू? नऊ वर्षं झाली.

बेकरीवाली : नऊ वर्षं ती दुसरी येतेय?

नाना : गावात तिला दुसरीच म्हणतात. हसून म्हणतात, पण म्हणतात. तीही हसायची. दर वर्षी काहीतरी बदलायची. कधी खत, कधी पाणी, एकदा छाटणीच वेगळी केली. मला विचारायची, बाबा, कुठे कमी पडतंय? मी म्हणायचो, थोडं राहतंय.

बेकरीवाली : तुम्हाला झोप कशी लागत होती?

नाना : लागत होती, हेच वाईट. यंदा मात्र हसत नाही. तिने करवतवाल्यांना सांगितलंय, सोमवारी येणार आहेत. चौदाही झाडं काढणार आणि शहरात एका दुकानात काम धरणार. आईला म्हणाली, जे मला जमत नाही ते मी किती वर्षं करायचं?

बेकरीवाली : आणि हे सगळं माहीत असून तुम्ही मला सात लिहायला सांगताय.

नाना : आज पहिला दिला तर ती म्हणेल, झाडं वाचवायला दिला. ती माझीच मुलगी आहे, दोन मिनिटांत ओळखेल.

बेकरीवाली : मग ओळखू दे आणि तिला खरं सांगा. मला ते काही माहीत नाही. चाळीस वर्षं मी पाव भाजला, माझी जीभ मला खोटं सांगत नाही. मी दहा लिहितेय. तुमचे नऊ खोडायचे असतील तर हे घ्या पेन, स्वतःच्या हाताने खोडा.

नाना : ठेवा ते पेन.

बेकरीवाली : नक्की?

नाना : फळ नऊचंच आहे. आठ नंबर घ्या.

(निकाल लाउडस्पीकरवर सांगून झाला आहे. मैदानात साल न तुटता नासपती सोलण्याची शर्यत सुरू आहे. खोलीचं दार उघडतं.)

मुलगी : बाबा, आईने सांगितलं ना तुम्हाला सोमवारचं?

बेकरीवाली : ये गं. अभिनंदन.

मुलगी : तुम्हाला काही नाही म्हणत काकू. यांना विचारतेय. सांगितलं ना?

नाना : सांगितलं.

मुलगी : वाटलंच. नऊ वर्षं थोडं राहत होतं आणि यंदा नेमकं काही राहिलं नाही. यंदा तर मी धड खतही घातलं नाही. मन उडालं होतं. बशीसुद्धा आईने आणून ठेवली. बाहेर लोक टाळ्या वाजवतायत आणि मला मान वर करवत नाही. मला कीव नको होती बाबा. दुसरा नंबर चालला असता.

बेकरीवाली : मी जरा चहाचं बघून येते.

नाना : बसा वहिनी. तुमच्यासमोर बोलू द्या.

बेकरीवाली : नको. माझं काम बशीपुरतं होतं. पण एवढं ऐकून ठेव पोरी, दहा गुण माझे आहेत. यांनी तर कमी लिहा म्हणून सांगितलं होतं. येते मी.

मुलगी : कमी लिहा म्हणालात?

नाना : म्हणालो.

मुलगी : म्हणजे आज फळ खरंच चांगलं होतं आणि तरी तुम्ही...

नाना : मला चव लागत नाही. तापात गेली. आज सगळं त्यांनी चाखलं, मी नुसतं चिरलं. त्यांनी चव बोलून दाखवली, मागून तुरट येतं म्हणाल्या, आणि मला कळलं की तुझी बशी आहे. कळल्याबरोबर तोंडातून निघालं, कमी लिहा. सवय झालीय.

मुलगी : सवय?

नाना : दर वर्षी ओळखायचो आणि खाली ओढायचो. लोक बोलतील म्हणून. तू कमी पडत नव्हतीस. मी घाबरट होतो, दुसरं काही नाही.

मुलगी : मी विहिरीचं पाणी तपासून आणलं होतं, बाबा. दोनदा. माती तपासून आणली. तुमच्यासमोर कागद ठेवले होते.

नाना : ठेवले होते. मी चष्मा लावून वाचले.

मुलगी : आणि काही बोलला नाहीत.

नाना : नाही बोललो. क्षमा मागा म्हणालीस तर मागतो. झाडं काढायची तर काढ, तुझी आहेत. पण जमत नाही म्हणून काढू नकोस. तुला जमतं. पहिल्यापासून जमतं.

मुलगी : नऊच्या नऊ वर्षं मी पहिली होते?

नाना : नऊ नाही. सात.

मुलगी : सात.

नाना : आता खोटं नाही बोलणार. दोन वर्षं तू खरंच दुसरी होतीस.

मुलगी : दोन.

नाना : अशी उभी राहू नकोस. बस तरी. चिडलीस तर चीड.

मुलगी : कोणती दोन?