बापूला लागलेली गोळी

हसू नका, पोलीस ट्रेनिंगच्या पहिल्याच फायरिंगला मी माणूस मारलता! माझ्या उजवीकडं पाटोद्याचा बापू पालथा पडून नेम धरत होता. माझा बार झाला आन् बापू बोंबलला, "मेलो! पाठीत गोळी लागली!"

बंदूक समोर, गोळी त्याच्या पाठीत कशी? पण मी बंदूक तिथंच टाकून त्याच्याकडं सरकलो. वर्दी अंगावर चढायच्या आधीच जेल!

बापू कण्हला, "आईला सांग, म्हैस इकू नको मनावं."

मी रडायलाच लागलो. फायरिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी पळत येऊन त्याचा शर्ट वर ओढला, तर माझ्या बंदुकीतून उडून त्याच्या कॉलरात शिरलेली काडतुसाची तापलेली रिकामी पुंगळी खाली पडली.

उस्ताद वरडले, "मरायचं नंतर बघ बे! आधी ही जमा कर. एक पुंगळी कमी भरली तर माझी नोकरी जाईल!"