सुनंदाचं काम पुरं झालं का?

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनीही पुढं या, जागा आहे. वर्गात मी तासभर बोलतो. आज थोडक्यातच सांगतो. आमच्या कॉम्प्युटर विभागात पीएच.डी. करणारी सुनंदा गेली. चांगली धडधाकट होती हो. काविळीचं निमित्त झालं आणि गेली.

तिच्या आई सोयगावहून आल्यात, समोर बसल्यात. सकाळी त्यांनी मला एकच विचारलं, "सर, तिचं काम पुरं झालं का?" पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा राहिली. पदवी मिळाली नाही. माय, तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू?

पण काम काय होतं, ते सांगतो. नेटवर्कमधली माहिती आपली पाळी येईस्तोवर एका जागी थांबते. त्या जागेला बफर म्हणतात. तो भरला की मागून येणारी माहिती गळून जाते. मग सगळे पुन्हा पाठवतात आणि कोंडी आणखी वाढते. सुनंदा म्हणायची, काठोकाठ भरेस्तोवर थांबायचंच कशाला? 'थोडं भरलं', 'बरंच भरलं' हे यंत्राला कळू द्या. ते आधीच हात आखडता घेईल, पाठवणारे हळू होतील. मी चिडायचो. बरंच म्हणजे किती, बाई? आकडा सांग ना.

ती हसायची. "सर, चांगल्या साली अर्धा रांजण आईला रिकामाच वाटायचा. दुष्काळात तेवढंच पाणी लई व्हायचं. आकडा तोच, दिवस निराळे." म्हणून तिची पद्धत गर्दी बघून 'बरंच'चा अर्थ स्वतःच बदलायची. ही अक्कल, माय, तुमच्या घरची.

इकडं चिकलठाण्याकडं शहर वाढलं, कॉलेजात पोरं वाढली, नेटवर्क तेच राहिलं. गेल्या साली ऑनलाइन परीक्षेत सगळं ठप्प झालं. पोरी रडत बाहेर आल्या. त्यानंतर सुट्टीत बसून सुनंदानं आपली पद्धत कॉलेजच्या नेटवर्कवर चढवली. चालेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पोरांच्या पुढच्या ऑनलाइन परीक्षेची वाट बघत होती बिचारी.

मंगळवारी ती ऑनलाइन परीक्षा होती. पुढं ढकलता आली नाही. आणि आम्ही, नेटवर्क सांभाळणारे झाडून सगळे, स्मशानात होतो. कॉलेजात बघायला कुणीच नव्हतं. मी सारखा फोन चाचपत होतो. वाजला नाही. कुणाचाच वाजला नाही. संध्याकाळी कळलं, एकाही पोराचा पेपर अडकला नव्हता.

माय, झालं. तुमच्या लेकीचं काम पुरं झालं.

उठा मंडळी. आता थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. मीही बोलत नाही.